बाबांनी सोडून दिलेली चूक

"घरात तुम्ही काय काय कामं करत होतात?" वकीलबाईंनी विचारलं.

"विशेष असं काही नाही," बाबा म्हणाले.

मी टेबलाखालून त्यांच्या चपलेवर पाय दाबला. मी गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत आमच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकाऊ माणूस भलतीकडे निघाला की तो दाबायचा. बाबांवर त्याचा काही उपयोग झाला नाही. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले, बहुधा त्यात छपाईची चूक शोधत.

वकीलबाई समजूतदार होत्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाजाराबाहेर एका गृहस्थाने मान न वळवता गाडी मागे घेतली आणि बाबांना भाजीच्या पिशवीसकट आडवं केलं. (मागे जाताना मान वळवायची, हे मी पहिल्याच दिवशी शिकवते. या गृहस्थाला कुणी शिकवलं ते मला एकदा भेटायला हवं.) उजवा खांदा आणि मनगट मोडलं. हाडं जुळली, पण हात छातीच्या वर जाईना आणि मुठीत जोर राहिला नाही. बाबांचा धंदा प्रूफं तपासण्याचा. कोपर टेबलावर टेकवलं की पेन्सिल चालते, म्हणजे कमाई बुडाली नाही. कमाई बुडाली नाही, तर विमा कंपनी औषधपाण्याचा खर्च देऊन मोकळी होणार.

"पण घरकामालाही कायद्यात किंमत आहे," वकीलबाई म्हणाल्या. "माणूस घरात जे करत होता ते आता त्याला जमत नसेल, तर ते दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचा खर्च मागता येतो. म्हणून विचारते. स्वयंपाक? धुणं? साफसफाई?"

"आमच्याकडे ते सगळं होऊन जातं," बाबा म्हणाले.

होऊन जातं! मी जन्मल्यापासून आमच्या घरात कांदा चिरण्यापासून पडदे शिवण्यापर्यंत जे जे होऊन गेलं, ते या माणसाने केलं होतं. माझ्या वेण्या त्यांनी घातल्या, माझ्या तापात उशाशी ते बसले, आणि माझ्या शाळेच्या डब्यावर वर्गातल्या मुली डोळा ठेवून असायच्या तो डबाही त्यांचाच. आई मालाच्या यार्डात क्रेन चालवते. ती सकाळी शिरस्त्राण घालून जायची, संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन यायची, आणि गरम जेवणाच्या ताटावर बसून म्हणायची, "अहाहा, मेले रे बाबा." घरातलं तिचं काम म्हणजे उंच फळीवरचे डबे काढणं आणि न उघडणारी झाकणं उघडणं. आमच्यापैकी कुणाला यात वावगं काही वाटलं नाही. फक्त हे बाहेर सांगायचं नव्हतं.

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच भडकले. "बाबा, खोटं का बोललात?"

"खोटं कुठे बोललो? थोडं बोललो," ते म्हणाले.

*

ही भानगड सुरू झाली आजीपासून, म्हणजे बाबांच्या आईपासून. मुलाने क्रेन चालवणाऱ्या मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा ती म्हणाली होती, "ती लोखंड उचलेल हो, पण घर कोण उचलणार?" लग्नानंतर आजी आणि आत्या पहिल्यांदा जेवायला आल्या. बाबा पहाटेपासून खपले होते, आईने फक्त वाढलं. पहिल्याच घासाला आजी विरघळली. "सूनबाई, तुझ्या हाताला गुण आहे हो!" आईने खरं सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. पाय दाबायची विद्या माझ्याकडे कुठून आली, ते यावरून कळेल.

आजी गेली. दागिने दोघा भावंडांत वाटले गेले, पण ते वाक्य एकट्या आत्याने घेतलं. आत्या बाबांपेक्षा धाकटी, पण जन्मली तीच मुख्याध्यापिका होऊन. पुढे खरंच झाली. शाळा सुटली तरी तिचा आवाज सुटला नाही. ती एकटी राहायची, दोन गल्ल्या सोडून, आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायची. दार उघडायच्या आधीच बाहेरून नाक वर करून म्हणायची, "वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे!"

त्यामुळे आमच्या रविवारचा एक ठरलेला प्रयोग असायचा. बाबा सकाळीच सगळं उरकायचे, ओट्यावरचा शेवटचा डाग पुसायचे, हात धुऊन प्रूफांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसायचे. आई एप्रन बांधायची. मग बाबा उठून यायचे आणि तिच्या गालाला पिठाचं एक बोट लावायचे. "आता कशी दमलेली दिसतेस," म्हणायचे. ती त्यांच्या नाकाला लावायला जायची, ते पळायचे, आणि तेवढ्यात बेल वाजायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरात पाहुणे यायच्या आधी आईच्या गालाला पीठ लावतात. मैत्रिणीच्या आईला मी एकदा तसं लावायला गेले होते. त्याचा ओरडा अजून आठवतो.

आणखी एक. चारचौघांत आई बाबांना "अहो" म्हणायची. दार बंद झालं की "तू". आत्यासमोर हे "अहो" इतकं गोड निघायचं की बाबांना ठसका लागायचा.

*

अपघातानंतर हा प्रयोग बंद पडला, कारण मुख्य नटच पडला होता.

आईने पदर खोचला. ती कामाला घाबरणारी बाई नव्हे, पण तिचा अंदाज टनांतला. मीठ तिने पहिल्या दिवशी असं घातलं की मांजरानेसुद्धा भांड्याकडे पाठ फिरवली. बाबा खुर्चीत हात गळ्यात अडकवून बसायचे आणि तिला सांगायचे.

"मध्यम आचेवर ठेव."

"मध्यम म्हणजे किती?"

"म्हणजे फार नाही आणि कमी नाही."

"असं यार्डात कुणी मला सांगितलं ना, तर दोन माणसं मरतील," आई म्हणायची आणि गॅस बंदच करून टाकायची.

हसायचो आम्ही, पण ती थकत होती. दिवसभर वरच्या केबिनमध्ये नजर रोखून बसायचं, आणि मग घरी येऊन बाबांची अंघोळ, कपडे, स्वयंपाक. मी माझ्या घरून धावत यायची तेवढी यायची, पण माझ्याही मागे शिकाऊ लोक आणि दोन पोरं. कामाला कुणी ठेवायचं म्हटलं तर बाबांची प्रूफं आणि आईचा पगार यात घराचे हप्ते जाऊन उरत काय होतं? बाबा म्हणायचे, "डावा हात शिकेल की." डावा हात शिकायला लागला आणि एके दुपारी सुपाचं पातेलं त्यांच्या पायावर आलं. भाजलेल्या पायावर आईने मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी यार्डात नोटीस देऊन आली. महिनाअखेर काम सोडणार.

"नाहीतरी गुडघे कुरकुरतात," तिने मला सांगितलं. "शिडी चढवत नाही आता."

तिचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ही बाई खिडकीत उभी राहून दूरवरच्या दुसऱ्या कुणाच्या क्रेनला नावं ठेवायची. ती घरी बसणार होती म्हणजे मासा झाडावर बसणार होता. घरकामाची भरपाई मिळाली असती, तर मदतीला माणूस ठेवता आला असता आणि आई वर केबिनमध्ये राहिली असती. इतकी सरळ गोष्ट होती, आणि बाबा म्हणत होते, विशेष असं काही नाही.

शेवटी मीच वकीलबाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, दावा घालू, कंपनीचा तपासनीस चौकशीला येईल, घाबरू नका.

तपासनीस आला. पण त्याने आमच्याकडे यायच्या आधी शेजारीपाजारी विचारलं, आणि कुणीतरी त्याला आत्याचा पत्ता दिला.

आत्याने त्याला बसवलं, चहा दिला आणि भावजयीचं कौतुक सुरू केलं. हे सगळं तिने नंतर आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगितलं. "मी म्हटलं, माझा दादा घरात इकडची काडी तिकडे करत नाही. राजासारखा बसतो. आणि का बसू नये? वहिनी आहेत! नोकरी करून सगळं घर एकहाती सांभाळतात. लिहून घ्या म्हटलं. त्यानं लिहून घेतलं बिचाऱ्यानं, सहीसुद्धा घेतली माझी." मग आवाज जरा खाली आणून ती आईला म्हणाली, "दादा पडल्यापासून तुमचं लक्ष थोडं उडालंय वहिनी, ते काही मी बोलले नाही हो. घरातलं घरात." आणि आईने केलेल्या, मधे बसलेल्या केकचा तुकडा तिने ताटाच्या कडेला सरकवला.

आई मान खाली घालून "हो ताई" म्हणाली. नवऱ्यासाठी आपली क्रेन सोडायला निघालेली बाई, आणि तिने नवऱ्याच्या आजारपणात हात आखडता घेतला म्हणून नणंद तिला सांभाळून घेत होती. मला आत्याच्या डोक्यावर तो केक ठेवावासा वाटला. पण तिचं तरी काय चुकलं? आम्ही तिला जे दाखवलं तेच तिने पाहिलं.

आत्याच्या सहीपुढे वकीलबाईंनी हात टेकले. तडजोडीच्या बैठकीसाठी त्यांनी नवा जबाब तयार केला, नुसत्या औषधपाण्याच्या खर्चाचा. त्यात एक ओळ होती : "घरातील सर्व कामे पत्नी करते." बाबांनी वाचून सही करायची होती.

आता बाबांचं वाचणं म्हणजे काय ते सांगते. ते औषधाच्या खोक्यावरच्या चुका सुधारतात. हॉटेलात गेलो की मेनूकार्डावर पेन्सिल चालवतात, आणि एकदा मालकाने त्यांना फुकट आइस्क्रीम दिलं होतं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत वराच्या काकांचं नाव चुकलंय, असं त्यांनी छापखान्यात ओरडून सांगितलं होतं, आणि खरंच चुकलं होतं. समोर छापलेलं धडधडीत चुकीचं वाक्य ते सोडून देऊ शकत नाहीत. त्यांना खाज सुटते.

त्यांनी जबाब वाचला. त्या ओळीवर पेन्सिल थांबली. मी बघत होते. मग पेन्सिल पुढे गेली आणि त्यांनी कोपर टेकवून, हळूहळू, खाली सही केली.

मी जबाब हिसकावून घेतला. "बाबा! ही ओळ दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला. "रविवारी ती तुझ्या आत्याचं ऐकते ना, तेव्हा तिचा चेहरा बघितलायस कधी? लग्न झालं तेव्हा सगळे तिला म्हणायचे, हिला घर काय कळणार. आता सगळ्या नात्यात तिचं नाव आहे. ते मी लोकांसमोर, सहीशिक्क्याने पुसून टाकू? आणि तेही पैशासाठी?"

"तिची क्रेन जातेय, बाबा."

"तिचे गुडघे..." ते म्हणाले, आणि थांबले. गुडघ्यांवर त्यांचाही विश्वास नव्हता. "डावा हात शिकेल," ते भिंतीला म्हणाले.

*

मी सकाळचा शेवटचा शिकाऊ त्याच्या दारात सोडला आणि गाडी तशीच यार्डाकडे घेतली. आई जेवायच्या सुट्टीत खाली उतरली होती, लोखंडी खोक्यांच्या सावलीत बसून कच्ची काकडी खात होती. हल्ली तिचा डबा म्हणजे काकडी. तिला काकडी नीट जमायची.

मी तिला सगळं सांगितलं, बाबांची सही, ती ओळ, आणि ते काय म्हणाले तेही.

"मला आवडतं ऐकायला?" आई म्हणाली. काकडी हातात तशीच राहिली. "मला? ताई कौतुक करायला लागल्या की मला इतकं कानकोंडं व्हायला होतं, की वाटतं टेबलाखाली जाऊन बसावं. चेहरा बघ म्हणे! तो चेहरा लाजेचा असतो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्याच्यासाठी! तू पोटात होतीस तेव्हा छापखान्यातल्यांना त्यानं सांगितलं, डबा मी स्वतः करतो म्हणून. महिनाभर त्याला चिडवत होते, घरी कोण कुणाची बायको, म्हणून. तो मला हसत हसत सांगायचा. पण डबा एकटा बसून खायला लागला होता. मला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. तेव्हा ठरवलं, त्याची चेष्टा होईल असं माझ्या तोंडून काही जाणार नाही. लोकांना वाटलं मी मिरवते, तर वाटू दे."

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिने ग्रीस लागलेल्या बाहीनेच पुसलं.

"येडा आहे तो," ती म्हणाली. "मी पण."

"मग बैठकीत बोलशील का?"

भोंगा वाजला. तिने शिरस्त्राण चढवलं. "वरती माल वाट बघतोय माझी," म्हणाली, आणि शिडी चढून गेली. धापसुद्धा लागली नाही तिला.

*

बैठकीची खोली लहान होती, मधे लांब टेबल, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. मध्यस्थ म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना सर्दी झालेली. समोर विमा कंपनीचे तरुण वकील, इतके सभ्य की त्यांच्यावर चिडायची सोय नव्हती. इकडे वकीलबाई, बाबा, आई आणि मी. आणि आत्या. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण सही केली म्हणजे हजर राहायला हवं, असं तिचं म्हणणं. ठेवणीतली पर्स घेऊन आली होती.

कंपनीच्या वकिलांनी तिचा जबाब वाचून दाखवला. "राजासारखा बसतो" आलं तेव्हा आत्याने सगळ्यांकडे बघून मान डोलावली.

"घरकामाबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत दिसतंय," मध्यस्थ शिंकून म्हणाले. "मग औषधपाण्याच्या खर्चावर..."

"नाही," आई म्हणाली.

ती उभी राहिली होती. तिला बसायला कुणी सांगितलं नाही, कारण उभी राहिली की आई बरीच उंच आहे.

"ताई खोटं बोललेल्या नाहीत. त्यांना खोटं आम्ही सांगितलं. स्वयंपाक यांनी केला. धुणं, भांडी, शिवण, पोरीचं सगळं, यांनी केलं. मी फक्त वाढलं. मला अंडंसुद्धा नीट उकडता येत नाही."

"अगं..." बाबा अर्धवट उठले.

"तू गप्प बस!" आई म्हणाली.

आत्याचं तोंड उघडं राहिलं. ते अंड्यामुळे की "तू"मुळे, हे मला अजून कळलेलं नाही.

कंपनीचे वकील खाकरले. "बाई, भावना समजू शकतो. पण आता भरपाईचा प्रश्न आल्यावर हे सांगणं जरा... सोयीचं वाटेल. पुरावा काही?"

आईकडे पुरावा नव्हता. असणार कसा? पुरावा राहू नये म्हणूनच तर दोघांनी इतकी वर्षं खपून काम केलं होतं. तिचे कान लाल झाले. तेव्हा आत्याने पर्स टेबलावर ठेवली. हा आवाज मी ओळखते. तिच्या शाळेत तोंडी परीक्षा सुरू व्हायच्या आधी तो यायचा.

"वहिनी," ती म्हणाली, "माझ्या वाढदिवसाच्या केकला एक वास असतो. कशाचा?"

"वास?" आई गोंधळली. "केकचाच असेल ना?"

"संत्र्याची साल," बाबा पुटपुटले. "किसलेली. आतला पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, कडू होतं."

आत्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. "माझी निळी शाल फाटली होती. ती रफू केली तेव्हा धागा कुठला आणला?"

आईने छताकडे पाहिलं. "निळा?"

"शालीच्याच काठातून काढला," बाबा म्हणाले. आता त्यांना राहवेना. "बाजारातला रंग जुळला नसता."

आत्या पुढे बोलली तेव्हा आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. "माझं ऑपरेशन झालं तेव्हा रोज सूप यायचं. वहिनी घेऊन यायच्या. मी त्यांचे हात धरून रडले होते. म्हटलं, सख्खी बहीण करणार नाही एवढं करताय. त्यात तांदूळ असायचा, पण दाताखाली लागायचा नाही."

"शिजवून गाळून घ्यायचो," बाबा म्हणाले. "तुला गिळायला त्रास व्हायचा ना."

आत्याने रुमाल काढला. कंपनीचे वकील हळूच म्हणाले, "हे आधी ठरवून केलेलंही असू शकतं, नाही का?"

आत्याने रुमाल खाली ठेवला. "हे बघा," ती म्हणाली, "मी आयुष्यभर परीक्षेत कॉपी पकडली आहे. ही कॉपी नाही."

इतकी वर्षं आमची तिने पकडली नव्हती, हे त्या क्षणी काढणं बरं दिसलं नसतं. मी पाण्याच्या पिंपाकडे बघत राहिले.

"माझा जबाब मी मागे घेते," आत्या मध्यस्थांना म्हणाली. "लिहून घ्या. आणि कारण म्हणून लिहा की जबाब देणाऱ्या बाई डोळे असून आंधळ्या होत्या."

मध्यस्थांनी बाबांचा जबाब पुढे घेतला. "पण तुम्ही स्वतः यावर सही केलीय. तुम्ही प्रूफरीडर ना? ही ओळ वाचली नव्हती?"

"वाचली होती."

"चूक आहे हे दिसलं?"

"दिसलं."

"मग?"

"सोडून दिली," बाबा म्हणाले. त्यांनी आईकडे बघितलं. "आयुष्यात एकच सोडली."

मध्यस्थांनी बराच वेळ नाक पुसलं. मग कागद बाबांपुढे सरकवला आणि स्वतःची पेन्सिल दिली. आईने त्यांचं कोपर टेबलावर नीट टेकवून दिलं आणि त्यांनी ती ओळ काट मारून खोडली. अगदी छापखान्यात मारतात तशी, सरळ.

*

भरपाई मिळाली. कंपनीने घासाघीस केली, पण घरकामाचा वाटा मान्य झाला. आता रोज सकाळी एक काकू येतात. बाबा खुर्चीत बसून त्यांना सांगतात आणि त्या बाबांना मुळीच जुमानत नाहीत, त्यामुळे दोघांचं छान जमलंय. आईने नोटीस परत घेतली. यार्डातल्या साहेबाने ती अजून पुढे पाठवलीच नव्हती. म्हणाला, मला माहीत होतं.

आत्या मात्र दोन रविवार आली नाही. बाबा दाराकडे बघत जेवले. तिसऱ्या रविवारी आली ती जेवायच्या वेळेच्या कितीतरी आधी. सगळा राग तिने बाबांवर काढला. भाऊ म्हणवतोस आणि बहिणीला इतकं परकं धरलंस, वगैरे. बाबांनी निमूटपणे ऐकून घेतलं. मग ती आईकडे वळली.

"वहिनी, तुमच्यावर मी रागावलेय का विचारा."

"रागावलाय का ताई?" आईने घाबरतच विचारलं.

"स्वतःवर रागावलेय. तुम्ही जे करत नव्हता त्याचं कौतुक करून करून माझा घसा बसला. आणि तुम्ही जे रोज करता, ते एकदा बघायलासुद्धा आले नाही. क्रेन म्हणजे नक्की काय असतं हो?"

आई नुसतं "मोठी असते" म्हणाली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी आत्याला आणि बाबांना गाडीत घालून यार्डात नेलं. आईची कामाची पाळी होती. आम्हाला फाटकाजवळच्या पिवळ्या रेघेमागे उभं केलं. आत्याने ठेवणीतली पर्स आणली होती आणि डोक्यावर मोठं शिरस्त्राण चढवलं होतं, ते सारखं नाकावर येत होतं. बाबांच्या डाव्या हातात डबा होता. काकूंनी केलेला, पण मीठ बाबांनी घातलेलं.

वर, पार वर, काचेच्या केबिनमध्ये आई दिसत होती, एवढीशी. तिने एक लोखंडी खोकं उचललं. आमच्या घराएवढं असेल. ते आमच्यासमोरून हवेतून गेलं, जरासुद्धा झुललं नाही, आणि खाली दुसऱ्या खोक्यावर येऊन बसलं. आत्याने कानावर हात ठेवले होते. आवाजच झाला नाही. तिने हात काढले आणि बराच वेळ ती वर बघत राहिली.

"दादा," ती शेवटी हळूच म्हणाली, "वहिनीच्या हाताला गुण आहे रे."

बाबांनी डबा छातीशी धरला. "मी केव्हापासून सांगतोय," ते म्हणाले. त्यांनी कधीच, कुणालाच सांगितलं नव्हतं.